प्रिंट सर्व्हरचा स्पूलर सारखा बंद पडतोय? सदोष ड्रायव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, दवाखाना, शाळा, कारखान्याचं ऑफिस अशा ठिकाणी विंडोज सर्व्हरवरून प्रिंटर शेअर करणाऱ्यांसाठी हे पान आहे. तिथे सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो, आणि प्रिंट थांबली की काउंटरवरचं कामही थांबतं. म्हणून त्याला खरोखर पडणारे प्रश्नच इथे घेतले आहेत. स्पूलर (प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सर्व्हिस) पुन्हा पुन्हा सुरू करत दिवस ढकलण्यापेक्षा तो कोणत्या फाइलमुळे पडतोय तिचं नाव शोधा, एवढंच या पानाचं म्हणणं आहे. ते नाव विंडोजनं बहुतेक वेळा आधीच लिहून ठेवलेलं असतं.

एका प्रिंटरचा ड्रायव्हर खराब असेल तर सगळेच प्रिंटर का बंद पडतात?

कारण सगळ्या प्रिंटरचं काम एकाच सर्व्हिसमधून जातं. प्रिंट स्पूलर ही ती सर्व्हिस, आणि तिची प्रोसेस म्हणजे स्पूलएसव्ही. प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, हा काही डीएलएल फाइलींचा (दुसऱ्या प्रोसेसमध्ये लोड होणाऱ्या कोडच्या फाइलींचा) संच. त्या स्पूलरच्या आत, त्याच्याच मेमरीत लोड होतात. त्यातल्या एकीनं चुकीच्या जागी हात घातला की विंडोज ती अख्खी प्रोसेस बंद करतं. मग कोपऱ्यातल्या जुन्या लेसर प्रिंटरच्या ड्रायव्हरमुळे पासबुक प्रिंटरही थांबतो आणि पहिल्या मजल्यावरचं मोठं मशीनही.

विंडोज एनटी ४ च्या काळात ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालायचे आणि चुकले की पूर्ण सर्व्हर निळ्या स्क्रीनवर जायचा. विंडोज २००० पासून टाइप ३ ड्रायव्हर आले, ते कर्नलच्या बाहेर चालतात. सर्व्हर वाचला, पण स्पूलर मात्र ड्रायव्हरच्या भरवशावर राहिला.

दोष ड्रायव्हरचाच आहे, नेटवर्कचा किंवा प्रिंटरचा नाही, हे कसं ओळखायचं?

सर्व्हिसेसच्या यादीत स्पूलर चालू आहे की बंद, हे आधी बघा. एकच प्रिंटर ऑफलाइन दिसतो आणि बाकी सगळे चालतात, तर केबल, आयपी पत्ता किंवा पोर्टकडे वळा. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची सोय) चालू असेल आणि प्रिंटर त्याला उत्तर देत नसेल, तर धडधाकट प्रिंटरही ऑफलाइन दिसतो. त्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही.

सगळे प्रिंटर एकदम गेले, सर्व्हिस बंद दिसली आणि सुरू केल्यावर थोड्या वेळानं पुन्हा पडली, तर संशय ड्रायव्हरवरच. तिसरा प्रकार फसवा आहे: सर्व्हिस चालू दिसते, पण एकही प्रिंट निघत नाही आणि प्रिंटरची खिडकी उघडायला मिनिटं लागतात. तिथे स्पूलर पडलेला नसतो, अडकलेला असतो. त्याचं मूळही अनेकदा ड्रायव्हर किंवा त्याच्यासोबत आलेल्या पोर्ट मॉनिटरमध्ये (प्रिंटरच्या पोर्टवर डेटा पाठवणाऱ्या तुकड्यात) असतं, मात्र इव्हेंट लॉगमध्ये क्रॅशची नोंद सापडणार नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेमकं काय वाचायचं?

सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची ७०३१ किंवा ७०३४ क्रमांकाची नोंद असते. प्रिंट स्पूलर अनपेक्षितपणे बंद पडला आणि असं किती वेळा झालं, एवढं ती सांगते. कामाची नोंद ॲप्लिकेशन लॉगमध्ये आहे: क्रमांक १०००, स्रोत ॲप्लिकेशन एरर. ती उघडून सावकाश, ओळीओळीनं वाचा.

पहिल्या ओळीत फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणून स्पूलएसव्हीचं नाव असेल. खालच्या ओळीत फॉल्टिंग मॉड्यूल, म्हणजे जिच्यात असताना प्रोसेस कोसळली ती फाइल आणि तिची आवृत्ती. त्याखाली एक्सेप्शन कोड. त्याच्या शेवटी सी००००००५ असेल तर कोणीतरी आपली नसलेली मेमरी वाचायला किंवा लिहायला गेलं. मग फॉल्ट ऑफसेट, म्हणजे त्या फाइलीतली कोसळण्याची नेमकी जागा. प्रत्येक क्रॅशला मॉड्यूल आणि ऑफसेट तेच असतील तर त्या ड्रायव्हरमधली एक ठरावीक चूक पुन्हा पुन्हा लागते आहे. दर वेळी वेगळं मॉड्यूल, वेगळा ऑफसेट असेल तर मेमरी आधीच कुठेतरी बिघडते आहे.

सगळ्यात मोलाची ओळ शेवटाकडे असते, फॉल्टिंग मॉड्यूल पाथ. सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरखाली ड्रायव्हर्स, मग एक्स६४, मग ३ अशी वाट दिसली तर फाइल टाइप ३ ड्रायव्हरची. प्रिटप्रॉक्स (prtprocs) नावाच्या फोल्डरची वाट दिसली तर तो प्रिंट प्रोसेसर, म्हणजे रांगेतलं काम छपाईसाठी तयार करणारा तुकडा. आणि फाइल थेट सिस्टिम३२ मध्ये असून मायक्रोसॉफ्टची नसेल, तर ती बहुधा पोर्ट मॉनिटर किंवा लँग्वेज मॉनिटर (प्रिंटरशी दुतर्फा बोलणारा तुकडा) आहे. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये कंपनीचं नाव बघा. फाइल कोणत्या ड्रायव्हरची हे शोधायचं असेल तर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडा, ड्रायव्हर्स टॅबमध्ये एकेका ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीज बघा. तिथे त्याच्या सगळ्या फाइलींची यादी मिळते.

आणखी एक काम आजच करून ठेवा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्जमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग असतो. तो मुळात बंद असतो, राइट क्लिक करून चालू करा. मग प्रत्येक छापलेल्या कागदपत्राची ३०७ क्रमांकाची नोंद होते: कोणी, कोणत्या प्रिंटरवर, किती पानं. क्रॅशच्या वेळेच्या लगेच आधीच्या नोंदी बघितल्या की कोणत्या प्रिंटरच्या रांगेत काम चालू होतं ते कळतं. क्रॅश झाल्यावर हा लॉग चालू करून मागचं काही मिळत नाही.

नोंदीत एनटीडीएलएलचं नाव आहे. म्हणजे विंडोजच बिघडलं का?

बहुधा नाही. एनटीडीएलएल ही विंडोजची स्वतःची फाइल आहे. एक्सेप्शन कोडच्या शेवटी सी००००३७४ असेल तर तो हीप, म्हणजे प्रोसेसनं कामापुरती घेतलेली मेमरी, बिघडल्याचा इशारा आहे. भिंतीवर ओल जिथे दिसते तिथेच पाइप फुटलेला असतो असं नाही. ड्रायव्हरनं मेमरी आधी कधीतरी खराब केली, आणि मेमरीचा हिशेब ठेवणाऱ्या एनटीडीएलएलच्या ते नंतर लक्षात आलं. म्हणून नाव तिचं आलं. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकायच्या फंदात पडू नका. संशयित ड्रायव्हर एकेक करून वेगळे काढणं हाच मार्ग. तो पुढे दिला आहे.

सर्व्हिस सुरू केली की लगेच पडते आणि लोक खोळंबले आहेत. आधी काय करू?

रांगेत अडकलेलं काम बाजूला काढा. प्रिंटला पाठवलेलं प्रत्येक काम सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतल्या प्रिंटर्स फोल्डरमध्ये दोन फाइलींच्या रूपात पडून असतं. एसपीएल फाइलमध्ये मजकूर, एसएचडी फाइलमध्ये कोणी पाठवलं, कोणत्या प्रिंटरला, ही माहिती. स्पूलर सुरू झाला की उरलेली कामं पुन्हा हातात घेतो. त्यातलंच एखादं काम ड्रायव्हरला पाडत असेल तर चक्र सुटत नाही.

सर्व्हिस थांबवा. त्या फोल्डरमधल्या फाइली डिलीट करू नका, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. सर्व्हिस सुरू करा. ती टिकली तर काउंटर चालू होईल, आणि लोकांना प्रिंट पुन्हा पाठवायला सांगता येईल. संध्याकाळी निवांत असताना सर्व्हिस थांबवून फाइलींची एकेक जोडी परत ठेवा आणि सर्व्हिस सुरू करून बघा. ज्या जोडीला स्पूलर पडेल ते काम गुन्ह्याच्या जागेपर्यंत नेतं. एक काळजी घ्या: एसपीएल फाइलमध्ये खरा मजकूर असतो. पगारपत्रक, रुग्णाचा रिपोर्ट, खात्याचा उतारा असं काहीही त्यात असू शकतं. त्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

फोल्डर रिकामा असूनही स्पूलर सुरू होताच पडत असेल, तर तो ड्रायव्हर किंवा मॉनिटर लोड करतानाच कोसळतो आहे.

रिकव्हरी टॅबमध्ये सर्व्हिस आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलं तर?

लावा, पण काम संपलं असं समजू नका. सर्व्हिस परत उठते, पण छपाई चालू असलेलं काम अर्धवट राहतं किंवा दोनदा छापलं जातं. पावती दोनदा छापली जाणं हिशेबाच्या ठिकाणी फार महाग पडतं. शिवाय क्रॅश डोळ्यांआड जातो आणि महिनोन् महिने कोणी लॉग उघडत नाही. दर तासाला स्पूलर पुन्हा सुरू करणारं शेड्यूल्ड टास्क लावायचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मी कोणालाही देणार नाही.

ड्रायव्हर आयसोलेशन म्हणजे काय आणि ते कसं लावायचं?

विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ पासून ही सोय आहे. प्रिंट सर्व्हर चालवणाऱ्याला मायक्रोसॉफ्टनं दिलेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, असं माझं मत आहे. ड्रायव्हर स्पूलरच्या आत न चालवता प्रिंटआयसोलेशनहोस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा. तो कोसळला तरी ती प्रोसेस जाते, स्पूलर उभा राहतो.

प्रिंट मॅनेजमेंट उघडा, आपला सर्व्हर, त्याखाली ड्रायव्हर्स. ड्रायव्हरवर राइट क्लिक करून सेट ड्रायव्हर आयसोलेशन निवडा. नन म्हणजे ड्रायव्हर स्पूलरच्या आतच. शेअर्ड म्हणजे स्पूलरबाहेर, पण इतर शेअर्ड ड्रायव्हरांसोबत एकाच प्रोसेसमध्ये. आयसोलेटेड म्हणजे त्या ड्रायव्हरला स्वतंत्र प्रोसेस. काहीच निवडलं नाही तर ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (इन्स्टॉल करायच्या सूचनांची फाइल) सांगेल तसं होतं, आणि तिनं आयसोलेशनला होकार दिलेला नसेल तर ड्रायव्हर स्पूलरच्या आतच चालतो. नेमके जुने, खोडकर ड्रायव्हर असे आतच राहतात.

संशयित ड्रायव्हर आयसोलेटेड करा, बाकीचे शेअर्ड ठेवा. सगळेच आयसोलेटेड केले तर प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस आणि वेगळी मेमरी लागते. आठ जीबी रॅमच्या सर्व्हरवर तीस ड्रायव्हर असतील तर ते जाणवतं. ड्रायव्हर स्वतःला आयसोलेशनसाठी नालायक म्हणवत असला तरी त्याला बाहेर काढणारी ग्रुप पॉलिसीही आहे, पण काही ड्रायव्हर त्यानंतर रंग, ट्रे किंवा पासवर्ड प्रिंटिंग विसरतात. आधी एका रांगेवर करून बघा.

याचा दुसरा फायदा निदानाचा आहे. आता इव्हेंट १००० मध्ये स्पूलएसव्हीऐवजी प्रिंटआयसोलेशनहोस्टचं नाव येऊ लागलं, तर दोषी ड्रायव्हर तुम्ही बाहेर काढलेल्यांपैकीच आहे. स्पूलएसव्हीचं नाव येतच राहिलं, तर तो अजून आत आहे. अर्धे ड्रायव्हर आयसोलेटेड, अर्धे आत, मग पुन्हा अर्धे, अशी विभागणी करत गेलं की हीप बिघडवणारा ड्रायव्हरही सापडतो.

आयसोलेशन लावलं, तरी स्पूलर पडतोच. असं का?

आयसोलेशननं ड्रायव्हरचा रेंडरिंगचा आणि सेटिंगचा भाग बाहेर जातो. प्रिंट प्रोसेसर, पोर्ट मॉनिटर आणि लँग्वेज मॉनिटर स्पूलरच्या आतच राहतात. प्रिंटर कंपन्यांचे इन्स्टॉलर हे तुकडे न विचारता टाकून जातात. प्रिंटर काढून वर्ष झालं तरी त्यांचा मॉनिटर रजिस्ट्रीत असतो आणि स्पूलर सुरू होताना दर वेळी लोड होतो.

प्रत्येक रांगेच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर प्रिंट प्रोसेसरचं बटण आहे. तिथे कंपनीचं नाव असेल तर विंडोजचा स्वतःचा विनप्रिंट निवडा, डेटा टाइप रॉ ठेवा. पोर्ट कंपनीचा खास असेल तर साधा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवून रांग त्याच्यावर वळवा. पुष्कळ सर्व्हर एवढ्यानंच शांत होतात.

ड्रायव्हर काढायला गेलो तर तो वापरात असल्याचं सांगतो. आता?

कोणतीही रांग तो वापरत नाही ना, ते आधी बघा. वापरत असेल तर तिचा ड्रायव्हर बदला. मग सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि कोणी प्रिंट पाठवायच्या आत लगेच ड्रायव्हर काढा, कारण पहिल्या वापराला तो पुन्हा लोड होतो. ऑफिस सुरू व्हायच्या आधीची वेळ यासाठी बरी. त्याचा प्रिंट प्रोसेसर कुठल्याही रांगेला लावलेला असेल तरीही ड्रायव्हर सुटत नाही, म्हणून वरचा विनप्रिंटचा बदल आधी करा.

काढताना दोन पर्याय येतात: फक्त ड्रायव्हर, किंवा ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज. दुसराच निवडा. पॅकेज मागे राहिलं तर पुढच्या वेळी तीच सदोष आवृत्ती ड्रायव्हर स्टोअरमधून (विंडोजच्या ड्रायव्हर साठवण्याच्या फोल्डरमधून) गुपचूप परत येते. एक्स८६, म्हणजे ३२-बिट पीसींसाठी जादा टाकलेला ड्रायव्हर यादीत वेगळा दिसतो, तोही काढा.

हे करण्याआधी प्रिंट मॅनेजमेंटमधून प्रिंटर एक्स्पोर्ट करून ठेवा. मात्र त्या फाइलमध्ये ड्रायव्हरही जातात. नव्या सर्व्हरवर ती जशीच्या तशी इम्पोर्ट केली तर जुना आजारही सोबत येतो.

मग नवा ड्रायव्हर कोणता टाकावा?

कंपनीच्या साइटवरचा, तुमच्या सर्व्हरच्या आवृत्तीचं नाव स्पष्ट लिहिलेला, आणि शक्य तर इन्स्टॉलर नसलेला, फक्त आयएनएफ असलेला संच. डझनभर मॉडेल असतील तर त्या कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर एकच टाका. सर्व्हरवर ड्रायव्हर जितके कमी तितकं बरं. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान समजावून सांगायच्या दोन भाषा) दोन्ही मिळत असतील तर रोजच्या ऑफिसकामासाठी पीसीएल ६ घ्या, आणि एखादी पीडीएफ सारखी अडखळत असेल तर त्या एका रांगेला पोस्टस्क्रिप्ट लावून बघा.

सर्व्हर २०१२ पासून टाइप ४ ड्रायव्हरही आले. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतील असेच घडवलेले आहेत, त्यामुळे स्पूलरला त्यांचा धोका कमी. पण फिनिशिंग, स्टेपल, विभागवार कोड अशा सोयी त्यांत अनेकदा अपुऱ्या असतात.

एका मॉडेलचा ड्रायव्हर अपडेट केला आणि त्याच कंपनीचे दुसरे प्रिंटर बिघडले.

टाइप ३ ड्रायव्हरांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये राहतात, आणि एका कंपनीची अनेक मॉडेलं त्याच नावाची डीएलएल वापरतात. नव्यानं जुनीवर मात केली की जुन्या मॉडेलची बाकीची फाइल आणि ही नवी डीएलएल यांचं जुळत नाही. एका कंपनीच्या सगळ्या मॉडेलांना एकाच आवृत्तीवर ठेवा. अपडेट करायचं तर सगळ्यांचं करा.

डॉट मॅट्रिक्सला जेनेरिक टेक्स्ट ओन्ली लावलं. स्पूलर टिकला, पण मराठी प्रश्नचिन्हं येतात.

तो ड्रायव्हर फक्त साधी अक्षरं पाठवतो, चित्र काढत नाही. युनिकोड देवनागरी छापायला अक्षरांचं चित्र बनवून पाठवावं लागतं. त्यामुळे चाचणीसाठी हा ड्रायव्हर उत्तम: तो लावल्यावर क्रॅश थांबले तर दोष आधीच्या ड्रायव्हरचा. पण ज्यावर खातेदाराचं नाव मराठीत छापायचं त्या पासबुकाच्या रांगेला तो कायमचा चालणार नाही. तिथे विंडोजमध्ये येणारा त्या जातीचा २४ पिनचा ड्रायव्हर लावून बघा.

सर्व्हर ठीक आहे, पण लोकांच्या पीसीवर एक्सेल प्रिंट दाबताच बंद पडतं.

शेअर केलेला प्रिंटर जोडताना टाइप ३ ड्रायव्हर सर्व्हरवरून पीसीवर कॉपी होतो. तोच सदोष ड्रायव्हर आता एक्सेलच्या आत लोड होतोय. पीसीवरच्या इव्हेंट १००० मध्ये एक्सेल आणि ओळखीची डीएलएल दिसेल. दुरुस्ती सर्व्हरवर करा, मग पीसीवरचं प्रिंटर कनेक्शन काढून पुन्हा जोडा.

रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर रोज नवीनच ड्रायव्हर दिसतात.

घरून जोडणारा प्रत्येक जण आपला प्रिंटर सोबत आणतो. ग्रुप पॉलिसीत इझी प्रिंट ड्रायव्हर आधी वापरा असा पर्याय आहे, तो चालू करा. मग सर्व्हरला त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. ज्यांना घरी प्रिंट काढायचीच नसते त्यांचं प्रिंटर सोबत आणणं (रिडायरेक्शन) बंद ठेवा.

हे सगळं विंडोज अपडेटनंतर सुरू झालं. अपडेट काढून टाकू का?

कधीकधी दोष खरंच अपडेटचा असतो. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर प्रिंट देताच मशीन निळ्या स्क्रीनवर जायचं. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून त्याच महिन्यात जादा अपडेट दिलं. अशा वेळी दुरुस्तीचं अपडेट शोधा.

पण जुलै २०२१ मध्ये गाजलेल्या प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या दोषानंतरचे बदल वेगळे. १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून सर्व्हरवरून येणारा ड्रायव्हर पीसीवर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटर लागतो. सर्व्हरवर ड्रायव्हर बदलला की लोकांच्या स्क्रीनवर पासवर्डची खिडकी येते ती यामुळे. रजिस्ट्रीतली एक किंमत शून्य करून ती खिडकी घालवता येते, पण तसं करू नका. ते दार उघडं ठेवणं आहे, आणि त्या दारातून नेटवर्कवरचा कोणीही सर्व्हरचा मालक होऊ शकतो. नवा ड्रायव्हर पीसीवर आधीच ॲडमिन म्हणून टाकून ठेवा. आणि डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) स्पूलर चालू असेल तर तो बंद करा. तिथे प्रिंटर शेअर करू नयेत.

कंपनीच्या सपोर्टला काय पाठवायचं?

"प्रिंट निघत नाही" एवढ्यावर तुम्हाला ड्रायव्हर पुन्हा टाका असंच उत्तर मिळेल. इव्हेंट १००० चा पूर्ण मजकूर, ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती, सर्व्हरची आवृत्ती, आयसोलेशनची स्थिती, आणि क्रॅशचा डंप (त्या क्षणाच्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत) पाठवा. डंपसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं प्रोकडंप स्पूलएसव्हीवर लावून ठेवा, क्रॅश झाला की फाइल तयार मिळते. स्पूलर अडकलेला असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून क्रिएट डंप फाइल पुरे. डंपमध्येही कागदपत्रांचा मजकूर असू शकतो, तेव्हा कंपनीच्या अधिकृत अपलोडशिवाय कुठे देऊ नका.

काही वर्षांनी हे ड्रायव्हरच उरणार नाहीत असं ऐकलं. मग आता एवढा खटाटोप कशाला?

मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये तसा कार्यक्रम जाहीर केला: प्रिंटर कंपन्यांचे टाइप ३ आणि टाइप ४ ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्यानं मागे घ्यायचे आणि आयपीपी क्लास ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या सामायिक ड्रायव्हरला, पुढे आणायचं. त्याला कंपनीची डीएलएल लागत नाही. त्यामुळे यापुढे प्रिंटर विकत घेताना तो मोप्रिया (अशा सामायिक छपाईचं प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणित आहे का, हे दुकानदाराला विचारा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या. पण आज तुमच्याकडे असलेला डॉट मॅट्रिक्स आणि लेबल प्रिंटर जुन्याच ड्रायव्हरवर पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत. त्यांचे ड्रायव्हर आयसोलेटेड ठेवा, आणि चालणाऱ्या आवृत्तीचा संच सर्व्हरबाहेर एका फोल्डरमध्ये तारीख घालून जपून ठेवा. कंपनीच्या साइटवरून तो नाहीसा झाला तर तोच संच कामी येईल.